सहा टाक्यांचे ११,६४० रुपये: बिल नेमके कुठे वाढले?

अमळनेर तालुक्यातल्या एका ताईंचे पत्र आहे. संध्याकाळी गुरांसाठी मका कापताना विळा निसटला आणि त्यांच्या यजमानांच्या डाव्या तळहाताला साधारण चार सेंटिमीटरची जखम झाली. गावातला दवाखाना बंद होता, म्हणून शेजाऱ्याच्या गाडीवरून शहरातल्या एका खासगी रुग्णालयात रात्री नऊला पोचले. सहा टाके पडले, दोन सलाईन लागल्या आणि रात्री एकला घरी सोडले. बिल झाले ११,६४० रुपये. मेडिक्लेमच्या एजंटाने हात वर केले. सासूबाई म्हणाल्या, “सहा टाकास्ना इतला पैसा?” ताई विचारतात, आम्हाला फसवले का, एक्स-रे लागतच होता का, पुढच्या वेळी काय करावे, आणि टाके काढायला परत तिथेच जावे लागेल का? बिलाचा फोटो त्यांनी जोडला आहे.

ताई, पैशांचे नंतर बोलू, आधी दाजींचा हात बघा. पाचही बोटे एकेक करून वाकवायला सांगा. मधले पेर धरून ठेवले तर बोटाचे टोक एकटे वाकते का तेही पाहा. मग डोळे मिटायला लावून प्रत्येक बोटाच्या दोन्ही कडांना कापसाने हलके स्पर्श करा. एखादे टोक वाकत नसेल किंवा एखादी कड बधिर असेल, तर आत बोट वाकवणारी दोरी (टेंडन) किंवा संवेदनेची नस कापली गेलेली असू शकते. तळहाताच्या विळ्याच्या जखमेत हे वरून दिसत नाही. बधिर करायचे इंजेक्शन देण्याआधी ही तपासणी व्हायला हवी असते आणि घाईत तीच राहून जाते. शंका आली तर उद्याच हाताच्या किंवा प्लॅस्टिक सर्जनला दाखवा. तुटलेली टेंडन किंवा नस पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत जोडली तर बोट वाचते. महिन्यानंतर ते काम अवघड होते आणि खर्चही कित्येक पटींनी वाढतो. हात ठीक असेल तर आता बिल समोर घ्या.

तुमच्या बिलातले आकडे असे आहेत: नोंदणी २००, इमर्जन्सी डॉक्टरची फी रात्रीच्या दराने ८००, सर्जन ऑन कॉल (सर्जनला खास बोलावल्याची फी) १,५००, टाके घालण्याचे २,५००, मायनर ओटी (छोट्या शस्त्रक्रियांची खोली) १,०००, हाताचा एक्स-रे दोन बाजूंनी ८००, रक्ताच्या तपासण्या १,१५०, डे-केअर बेड १,०००, नर्सिंग ३००, औषधे आणि साहित्य २,३९०. बेरीज बरोबर आहे. फसवणूक म्हणावी अशी एकही ओळ यात दिसत नाही. पण यातली साधारण निम्मी रक्कम जखमेमुळे लागलेली नाही. तुम्ही कोणत्या दाराने आत गेलात, किती वाजता गेलात आणि पहिल्या दहा मिनिटांत तुमच्या नावापुढे काय लिहिले गेले, त्यामुळे ती लागली.

दारापासून सुरू करू. हीच जखम घेऊन संध्याकाळी साडेसातला एखाद्या जनरल प्रॅक्टिशनरच्या दवाखान्यात गेला असता तर तपासणीची फी, टाक्यांची रक्कम आणि धागा-औषधे एवढेच झाले असते. त्यांच्याकडे ड्रेसिंगची खोली असते, तिथे रोज टाके पडतात. रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात मात्र तुमच्या जखमेबरोबर ती खोली चोवीस तास उघडी ठेवण्याचाही खर्च जोडला जातो: रात्रपाळीचा डॉक्टर, दोन सिस्टर, ऑक्सिजन, मॉनिटर, जनरेटर. रात्री तीनला छातीत दुखणाऱ्या माणसासाठी हे सगळे तयार असावेच लागते, आणि रात्री येणारे पेशंट थोडे असल्याने तो भार थोड्याच बिलांवर पडतो. म्हणूनच नोंदणी, रात्रीचा दर आणि ऑन कॉल फी या तीन ओळी जखम बघण्याआधीच ठरलेल्या असतात.

ऑन कॉल फीबद्दल एक गोष्ट कळायला हवी. टाके सर्जननेच घातले असतील तर त्यांची १,५०० रुपये फी आणि टाक्यांचे २,५०० यांचा एकमेकांशी काय संबंध आहे हे विचारायचे. काही ठिकाणी टाक्यांच्या रकमेत सर्जनची फी धरलेली असते, काही ठिकाणी वेगळी लावतात. दोन्ही पद्धती चालतात, पण एकाच कामाचे पैसे दोन नावांनी लागले असतील तर ते कमी करून मागता येतात. मायनर ओटीचेही तसेच. टाके ड्रेसिंग टेबलवर पडले असतील तर ओटीचे १,००० रुपये कशाचे, हा प्रश्न रास्त आहे. दाजी कुठे झोपले होते ते आठवून पाहा.

आता दुसरा मोठा मुद्दा, आणि माझ्या मते तुमचे बिल सर्वांत जास्त इथेच वाढले. कॅज्युअल्टीत माणूस दोनपैकी एका रस्त्याने जातो. ओपीडीवर काम करून घरी पाठवतात किंवा दाखल करून घेतात. दाखल असे लिहिले गेले की बेड, नर्सिंग, ऑपरेशनपूर्वीच्या तपासण्या, सलाईन हे सगळे आपोआप मागून येते, कारण दाखल पेशंटची फाइल तशीच चालते. दाजी चालत आले होते, बोलत होते, रक्तदाब व्यवस्थित होता असे तुम्हीच लिहिले आहे. अशा माणसाला चार तास बेडवर ठेवायचे कारण नव्हते. पहिल्या पाच मिनिटांत शांतपणे विचारायचे वाक्य एकच: “डॉक्टर, दाखल करताय का ओपीडीवर करून सोडताय?” आवाज चढवायची गरज नाही. बहुतेक वेळा उत्तर “ओपीडीवर होईल” असेच मिळते, फक्त कोणीतरी विचारावे लागते.

सलाईनबद्दल स्पष्ट लिहायला हवे, कारण इथे दोष नेहमी रुग्णालयाचाच नसतो. आपल्याकडे नातेवाईकच म्हणतात, “डॉक्टरसाहेब, एक बाटली लावी द्या, अशक्तपणा आला असेल.” जो माणूस तोंडाने पाणी पिऊ शकतो, ज्याचे रक्त फार गेलेले नाही, त्याला सलाईनने काही मिळत नाही. पण एक बाटली लागली की तिच्याबरोबर आयव्ही सेट येतो, कॅन्युला (शिरेत ठेवायची नळी) येतो, चिकटपट्टी येते. सुई लागलेलीच आहे म्हणून अँटिबायोटिक गोळीऐवजी शिरेतून दिले जाते, पित्ताचे इंजेक्शन जाते, दुखण्याचे इंजेक्शन जाते आणि बाटली संपेपर्यंत बेडही लागतो. तुमच्या मेडिकलच्या पावतीत २,३९० पैकी १,३८० रुपये या एका सुईच्या मागे गेलेत. बेड आणि नर्सिंगचे १,३०० धरले तर दोन बाटल्यांनी जवळजवळ २,७०० रुपये खाल्ले. याऐवजी “गोळीवर भागेल का?” एवढेच विचारायचे.

उरलेली पावती ओळीने वाचा. टाक्यांचा नायलॉन धागा पाकिटात मिळतो आणि एका पाकिटात सुईसकट साधारण ७० ते ७६ सेंटिमीटर धागा असतो. तळहाताच्या कातडीचे सहा टाके एका पाकिटात होतात. तुमच्या पावतीत दोन पाकिटे आहेत. आत विरघळणाऱ्या धाग्याचा एक थर घातला असेल तर दुसरे पाकीट लागते, पण मग त्याचे नाव वेगळे असते. तुमच्या दोन्ही पाकिटांवर एकच नाव आहे. सुई जमिनीवर पडली किंवा धागा तुटला म्हणून दुसरे उघडले असेल तर तेही घडते, पण विचारा. बधिर करायच्या लिग्नोकेनची ३० मिलीची बाटली पूर्ण लावली आहे, प्रत्यक्षात एवढ्या जखमेला पाच-सात मिली लागते. बाटली तुमच्या नावावर फोडली असेल तर उरलेली कुठे गेली हा प्रश्न येतो, आणि ती सगळ्यांसाठीची बाटली असेल तर पूर्ण किंमत तुमच्यावर कशी, हा प्रश्न येतो. ग्लोव्हजच्या चार जोड्या आहेत. डॉक्टरची एक, मदतनिसाची एक, फार तर बदलायची एक. न वापरलेले सीलबंद साहित्य मेडिकलला परत जाते आणि पैसे वळते होतात, म्हणून निघण्याआधी ट्रेमध्ये काय उघडले आणि काय उरले ते बघून घ्यायचे.

छापील किमतीबद्दल एक जुना हिशेब सांगण्यासारखा आहे. २०१८ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाने दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिले तपासली, तेव्हा काही वस्तूंवर नफा खरेदी किमतीच्या १,७३७ टक्क्यांपर्यंत गेलेला आढळला, आणि बिलाचा साधारण ४६ टक्के भाग औषधे, साहित्य व तपासण्यांचा निघाला. सिरिंज, कॅन्युला, ग्लोव्हज अशा वस्तूंवर छापलेली किंमत आणि घाऊक किंमत यांत एवढे अंतर असते की छापील किमतीनेच विकूनही कायदा मोडत नाही. म्हणून “एमआरपीनेच लावले आहे” हे उत्तर खरे असले तरी तुमचे पैसे वाचवत नाही. पैसे वाचतात ते वस्तूंची संख्या कमी झाल्याने, किंवा दुकान बदलल्याने. घरी न्यायच्या गोळ्या रुग्णालयातल्याच मेडिकलमधून घेण्याची सक्ती नाही. तसा फलक लावा, असे निर्देश राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२५ मध्ये रुग्णालयांतल्या औषध दुकानांना दिले आहेत. चिठ्ठी घेऊन बाहेरून किंवा जनऔषधी केंद्रातून पाच दिवसांच्या गोळ्या घेता आल्या असत्या.

एक्स-रेची तुम्हाला शंका आली ती बरोबर आहे. विळ्यासारख्या धारदार पात्याने सरळ कापले असेल, हाड उघडे नसेल, पात्याचा तुकडा मोडलेला नसेल आणि बोट वाकडे दिसत नसेल, तर एक्स-रेमधून काही कळत नाही. टेंडन किंवा नस तुटलेली त्यात दिसत नाही. ज्या जखमेत एक्स-रे नाकारू नये ती वेगळी: काच घुसलेली, कडबाकुट्टीत किंवा थ्रेशरमध्ये चेंगरलेली, दगडाखाली आलेली. दोन मिलिमीटरचा काचेचा कणही एक्स-रेत सहसा दिसतो आणि तो आत राहिला तर महिनाभर पू येत राहतो. तिथे ८०० रुपये वाचवणे महागात पडते. विचारायचे वाक्य: “यात काय निघाले तर उपचार बदलेल?” डॉक्टरांना हा प्रश्न कळतो, त्याचा रागही येत नाही.

रक्ताच्या तपासण्यांत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), साखर, एचआयव्ही आणि काविळीची एचबीएसएजी आहे. साखर ठीक, दाजींना मधुमेह असेल तर जखमेसाठी ती महत्त्वाचीच, पण ती बोटाला टोचून काही रुपयांत होते. सीबीसी सहा टाक्यांसाठी लागत नाही. एचआयव्हीची तपासणी पेशंटच्या संमतीशिवाय करता येत नाही, २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात ते स्पष्ट आहे. रक्तातून संसर्ग होऊ नये याची काळजी प्रत्येक पेशंटबाबत सारखीच घ्यायची असते, ग्लोव्हज त्यासाठीच असतात. मोठे ऑपरेशन असेल तर या तपासण्यांवर वाद घालू नका, पण टाक्यांसाठी नको म्हणता येते.

धनुर्वाताच्या इंजेक्शनचा खर्च किरकोळ, तरी नियम लक्षात ठेवा म्हणजे दर वेळी टोचून घ्यावे लागणार नाही. लहानपणचे डोस पूर्ण असतील तर स्वच्छ जखमेला दहा वर्षांतून एकदा पुरते. शेण-माती लागलेली जखम असेल आणि शेवटच्या डोसला पाच वर्षे उलटली असतील तर घ्यायचे. ज्यांचे डोस कधीच पूर्ण झाले नाहीत त्यांना घाण जखमेत लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) लागते, ते महाग असते. आपल्याकडे पन्नाशीपुढच्या बऱ्याच शेतकऱ्यांचे डोस कुठे लिहिलेलेच नसतात. दाजींना त्या रात्री दिले त्याची तारीख आधारकार्डाच्या झेरॉक्सवर लिहून पाकिटात ठेवा.

आता पुढच्या वेळचे. रात्री आठला जखम झाली तर घाबरून पहिल्या दिव्याच्या पाटीकडे धावायची गरज नसते. स्वच्छ सुती कापडाने जखमेवर सलग दहा मिनिटे दाब द्या, मध्ये उघडून बघू नका, हात छातीच्या वर धरा. रक्त थांबले की वाहत्या स्वच्छ पाण्याखाली पाच-दहा मिनिटे धुवा. पिण्याच्या पाण्याने धुतलेली जखम सलाईनने धुतलेल्या जखमेइतकीच चांगली राहते. हळद, चहापत्ती, रॉकेल, तंबाखू यातले काही लावू नका, ते काढायला पुन्हा वेळ आणि पैसे जातात. हाताच्या स्वच्छ जखमेला साधारण ६ ते १२ तासांत टाके पडले तरी चालते. म्हणजे कुठे जायचे हे ठरवायला तुमच्या हातात अर्धा-एक तास आहे, दोन फोन करायलाही. दाबूनही रक्त थांबत नसेल, उडत असेल, बोट पांढरे किंवा थंड पडत असेल तर मात्र हे काही लागू नाही, जवळचे दार गाठा.

आणि सरकारी दार विसरू नका. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांपर्यंत, केसपेपरसकट उपचार मोफत आहेत. तुमच्याकडे अमळनेरला सरकारी रुग्णालय आहे, चोपडा आणि शिरपूरला उपजिल्हा रुग्णालये आहेत. सहा टाके तिथले रोजचे काम. जळगावचे ‘सिव्हिल’ आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, धुळ्याचे हिरे मेडिकलही तसेच. ती वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येतात, त्यामुळे तिथे केसपेपर आणि काही तपासण्यांची थोडी रक्कम लागू शकते, खासगीच्या तुलनेत ती नगण्य.

सरकारी ठिकाणी अडचण कुठे येते तेही सांगतो, म्हणजे तयारीने जाल. रात्री डॉक्टर एकच असतो आणि तो बाळंतपणात अडकला असेल तर तासभर थांबावे लागते. एक्स-रेचा माणूस रात्री नसतो. कधी “इथे होणार नाही, पुढे न्या” असे सांगतात. तेव्हा दोन गोष्टी मागा: जखम बांधून द्या, आणि रेफर चिठ्ठीवर कारण लिहा. पुढे न्यायला १०८ मोफत आहे. ही सेवा राज्यात २०१४ पासून चालते, गाडीत डॉक्टर असतो आणि चालकाला काही द्यायचे नसते. रुग्णालयाच्या दारात उभी असलेली खासगी रुग्णवाहिका धुळे किंवा जळगावपर्यंत जायचे जे भाडे घेते, तेवढ्यात कधी कधी टाक्यांचा सगळा खर्च भागतो.

दोन प्रसंगांत खासगी आणि सरकारी खर्चातली दरी फारच रुंद होते, म्हणून ते वेगळे लिहितो. पहिला, कुत्रा चावणे. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवायची, टाके शक्यतो घालायचे नाहीत. रक्त निघाले असेल तर लशीबरोबर जखमेत भरायचे रेबीज इम्युनोग्लोब्युलिन लागते आणि ते वजनावर ठरते. घोड्यापासून बनवलेले किलोला ४० युनिट, माणसापासून बनवलेले किलोला २० युनिट. साठ किलोच्या माणसाला दुसऱ्या प्रकाराचे १,२०० युनिट लागतात, म्हणजे ३०० युनिटच्या चार बाटल्या, आणि खासगीत पैसे खरे तिथे जातात. सरकारी रुग्णालयात लस आणि इम्युनोग्लोब्युलिन मोफत मिळते. दंडात घ्यायच्या लशीचे दिवस ०, ३, ७, १४ आणि २८. कातडीत देतात तिथे १४ वा दिवस नसतो. पहिला डोस घेऊन बरे वाटले म्हणून थांबणारे खूप आहेत, आणि रेबीज झाल्यावर उपचार नाही. इम्युनोग्लोब्युलिन संपले असे सांगितले तर लस तिथेच घ्या आणि जिल्ह्याला फोन करून कुठे आहे ते विचारा, पहिल्या डोसनंतर सातव्या दिवसापर्यंत ते देता येते.

दुसरा, साप. इथे पैशांचा विचार फक्त एवढाच करायचा: सर्पदंशावरची लस (प्रतिविष) सरकारी रुग्णालयात मोफत असते आणि विषबाधेची लक्षणे असतील तर सुरुवातीलाच ८ ते १० बाटल्या लागतात. फोन करून साठा आहे का विचारा आणि निघा. लक्षणे नसतील तर साध्या काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवतात आणि गोठते का पाहतात. या तपासणीला मशीन लागत नाही, ती वारंवार करावी लागते, म्हणून चोवीस तास थांबवून ठेवतात. ते थांबणे फुकट बिल वाढवण्यासाठी नसते. मांत्रिकाकडे गेलेले दोन तास मात्र कोणतेच बिल भरून काढत नाही.

गाडीच्या अपघाताचे गणित वेगळे. धुळे-जळगाव महामार्गावर किंवा गावरस्त्यावर, कुठेही मोटारवाहनाने इजा झाली तर डॉक्टरने कागदपत्रांसाठी अडवून न ठेवता उपचार सुरू करायचे, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्ये आहे. मे २०२५ पासून केंद्राची रोखरहित उपचार योजना लागू आहे: अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, प्रत्येक जखमीमागे दीड लाख रुपयांपर्यंत, नेमलेल्या रुग्णालयांत. त्यासाठी अपघाताची नोंद पोलिसांकडे असावी लागते, म्हणून ११२ वर फोन करा. “किरकोळ आहे, पोलिसांची भानगड नको” म्हणून एमएलसी (पोलिसांसाठी रुग्णालयात होणारी नोंद) टाळू नका. तोच कागद पुढे विम्याला आणि नुकसानभरपाईला लागतो. डोक्याला मार असेल तर सिटीस्कॅन कधी, हा प्रश्न नेहमी येतो. शुद्ध हरपली असेल, दोनदा किंवा जास्त उलटी झाली, झटका आला, वय ६५ च्या पुढे आहे किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, तर पैसे मोजू नका. यातले काही नसेल तर घरी कोणीतरी लक्ष ठेवण्याची सोय करून डॉक्टरांशी निरीक्षणाबद्दल बोलता येते.

मेडिक्लेमबद्दल तुमच्या एजंटाने खरे सांगितले. साध्या पॉलिसीत किमान २४ तास दाखल असावे लागते किंवा यादीतली डे-केअर शस्त्रक्रिया व्हावी लागते. टाके त्या यादीत येत नाहीत. ओपीडीचे संरक्षण वेगळे घेतले असेल तरच मिळते. “२४ तास ठेवा म्हणजे क्लेम होईल” असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. दाखल करण्याची गरज नव्हती असे कंपनीला वाटले तर ती नाकारते आणि वाढलेले बिल तुमच्या अंगावर पडते. महात्मा फुले जन आरोग्य योजनाही दाखल पेशंटच्या ठरलेल्या उपचारांसाठी आहे, सहा टाक्यांना नाही. पण हात चेंगरला, हाड मोडले, ऑपरेशन लागले तर रुग्णालयात आरोग्यमित्र (या योजनेचा मदतनीस) कुठे बसतो ते आधी शोधा, किंवा १५५३८८ वर विचारा. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. दाजी शेतीबरोबर एमआयडीसीत कामाला असतील आणि ईएसआय (कामगार विमा) कापले जात असेल, किंवा घरात कोणी भुसावळला रेल्वेत असेल, तर त्यांची रुग्णालये वेगळी, तो रस्ता आधी बघा.

आता हातातल्या बिलाचे काय करायचे? सकाळी अकरा-बाराच्या सुमारास, गर्दी कमी असताना, रुग्णालयाच्या बिलिंगमध्ये जा. रात्रीच्या सिस्टरशी भांडू नका, तिने दर ठरवलेले नाहीत. तपशीलवार बिल आणि मेडिकलची बॅच नंबरसह पावती मागा. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणीच्या २०२१ च्या सुधारित नियमांनुसार दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे, त्या दरपत्रकाशी तुमच्या ओळी ताडून पाहा. मग चारच गोष्टी विचारा: सर्जनची फी टाक्यांत धरली आहे का, मायनर ओटी वापरली का, एकाच धाग्याची दोन पाकिटे का, आणि लिग्नोकेनची पूर्ण बाटली का. एक्स-रे, रक्त आणि सलाईनचे पैसे परत मिळतील अशी आशा धरू नका, ते झालेले काम आहे. या चार ओळींत दोन-अडीच हजारांचा फरक पडू शकतो आणि बरीच रुग्णालये नीट विचारले तर कमी करतात.

केसपेपर, टाक्यांची नोंद आणि एक्स-रेची प्रत लेखी अर्ज करून मागा. ७२ तासांत कागद द्यावेत असा वैद्यकीय आचारसंहितेचा नियम आहे. कागदही देत नसतील किंवा दरपत्रकापेक्षा जास्त लावले असेल, तर तक्रार महापालिका हद्दीत महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे आणि बाहेर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयाकडे जाते. ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे, दोन वर्षांच्या आत, आणि एवढ्या रकमेला फी लागत नाही. पण तुमच्या प्रकरणात तिथपर्यंत जावे लागेल असे मला वाटत नाही.

टाके काढायला परत तिथेच जायची गरज नाही. तळहाताचे टाके १० ते १४ दिवसांनी निघतात, चेहऱ्याचे पाचव्या दिवशी आणि डोक्याचे सात दिवसांनी. गावच्या आरोग्य केंद्रात किंवा अमळनेरच्या सरकारी रुग्णालयात सकाळी ओपीडीत जा, डिस्चार्जचा कागद दाखवा. किती टाके घातले ते आधी मोजून सांगा, म्हणजे एखादा आत राहत नाही. मधले ड्रेसिंग दोन-तीन दिवसांनी, तेही तिथेच. तोपर्यंत हात कोरडा ठेवा, दूध काढायचे काम दुसऱ्याकडे द्या. जखमेभोवती लाली वाढत गेली, पू आला, ताप आला किंवा तळहातापासून मनगटाकडे लाल रेघ चढताना दिसली तर दहाव्या दिवसाची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.